शिक्षा घटली, दोष राहिला

ओबामांनी १,७१५ कैद्यांची शिक्षा कमी केली. बहुतेक जण अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतले. हा आकडा दयेचा पुरावा म्हणून वापरण्याआधी कायदा वाचा. १९८६ च्या अमेरिकी कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला किमान ५ वर्षं तुरुंग. तेवढ्याच शिक्षेसाठी कोकेनची पूड मात्र ५०० ग्रॅम लागायची. क्रॅकच्या खटल्यांत बहुतेक आरोपी कृष्णवर्णीय. २०१० मध्ये ही तफावत १८ पटींवर आली, पण जुन्या कैद्यांची कायद्याने ठरलेली किमान शिक्षा तशीच राहिली. त्यासाठी २०१८ उजाडावं लागलं. मधल्या काळात राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज करणं हाच त्यांचा मोठा आधार. म्हणून मंजूर अर्जांसोबत फेटाळलेलेही मोजा. आणि ‘माफी’ लिहू नका: शिक्षा घटली तरी दोष कायम राहतो.