जलसंगीची लिहिणारी

गाणगापूरला जाणारा गोमंतकीय भाविक दत्तदर्शन आटोपले की बहुधा परतीची गाडी पकडतो. फार तर सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या हुमनाबादला वाट वाकडी करून माणिकप्रभूंच्या समाधीपुढे डोके टेकवतो. त्याच हुमनाबाद तालुक्यात, बिदर जिल्ह्यात, जलसंगी नावाचे एक शेतकरी गाव आहे. कोणी जलसंगवीही म्हणतात. तूर, उडीद, मूग, ज्वारी पिकवणारी त्या पठारावर जी शेकडो गावे आहेत, त्यांतलेच हे एक. मात्र या गावातल्या महादेवाच्या देवळाच्या भिंतीवर एक दगडी बाई सुमारे नऊशे वर्षे लिहीत उभी आहे, आणि ती ज्याच्याविषयी लिहिते आहे तो राजा आपल्या गोव्याच्या राजाचा सासरा होता.

आधी जमिनीविषयी थोडे सांगायला हवे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. त्या काळ्या दगडाची दक्षिणेकडची कड याच भागात संपते. कलबुर्गी जिल्ह्यात पुढे शहाबादकडे गेले की चुनखडीचा दगड सुरू होतो. आपल्या घराघरांत घातलेली शहाबादी फरशी ती हीच. उलट बिदरच्या बाजूला काळ्या दगडाच्या डोक्यावर तांबड्या दगडाची टोपी आहे. कोकणात त्याला जांभा म्हणतात, आपण चिरा म्हणतो. बिदरचा किल्ला याच दगडाचा. समुद्रापासून एवढ्या दूर, दोन हजार फुटांहून उंच पठारावर आपल्या अंगणातला चिरा भेटावा याचे गोवेकराला नवल वाटते. या दोन दगडांमुळे शेतीही दोन तऱ्हेची झाली. माथ्यावर तांबडी, हलकी माती आणि उतरणीला ओल धरून ठेवणारी काळी. काळ्या रानात तूर उत्तम येते. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आता देवळाकडे वळू. बाहेरच्या भिंतींवर मदनिका आहेत. कन्नडमध्ये त्यांना शिलाबालिका म्हणतात. बेलूरच्या होयसळ मदनिकांचे कौतुक जगभर झाले, पण बेलूरचे देऊळ 1117 सालचे, आणि त्या घडणीची पूर्वतयारी चालुक्यांच्या अशाच देवळांत झालेली दिसते. या सगळ्यांत एक वेगळी आहे. हातात लेखणी घेऊन ती शिळेवर अक्षरे कोरते आहे, आणि ती अक्षरे खरोखरच वाचता येतात. भाषा संस्कृत. आशय असा की, सात द्वीपांची ही पृथ्वी चालुक्य विक्रमादित्य आपलीशी करील.

हा कल्याणीचा सहावा विक्रमादित्य. राज्यकाल 1076 ते 1126. राजधानी आजचे बसवकल्याण, तेही बिदर जिल्ह्यातच. गादीवर बसताच याने शककाल बाजूला ठेवून स्वतःच्या नावाचा संवत् सुरू केला. काश्मीरचा बिल्हण एवढ्या लांबून येऊन याच्या दरबारी राहिला आणि त्याचे चरित्रकाव्य लिहून गेला. पृथ्वी आपलीशी करण्याची भाषा त्या काळी सगळेच राजे करीत. गोव्याचे कदंब मात्र त्याचे खरोखरच मांडलिक होते, तेही अधूनमधून कुरकुर करणारे. दुसऱ्या जयकेशीने मान वर केली तेव्हा विक्रमादित्याच्या सिंद सरदाराने, आचुगीने, गोव्यावर चाल केली. याच जयकेशीला विक्रमादित्याने आपली मुलगी मैलळदेवी दिली. राजकारणात तलवार आणि सोयरीक अशा जोडीनेच चालतात.

आपल्या तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिराचा दगडही काळाच. गोव्यात देऊळ बांधायचे तर चिरा हाताशी होता. तो सोडून, घाटापलीकडून आणलेला असावा असे मानतात तो काळा दगड वापरला गेला. त्यावर बारीक नक्षी करणाऱ्या हातांची परंपरा कुठली, हे जलसंगीच्या भिंतीपुढे उभे राहिले की वेगळे सांगावे लागत नाही.

याच दरबारात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातले मर्तूर हे गाव त्याचे मानले जाते. ग्रंथाच्या शेवटी त्याने कल्याण नगरीची आणि आपल्या राजाची स्तुती केली आहे. बंगाल-आसामची बाजू सोडली तर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटण्या शतकानुशतके या ग्रंथाच्या आधाराने झाल्या. 1956 आणि 2005 च्या कायद्यांनी त्यात मोठे फेरफार केले, तरी पाया तोच राहिला. गोव्यात मात्र वारसाहक्क 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वळणाने चालत आला. म्हणजे कल्याणच्या जावयाच्या मुलखात कल्याणचा कायदा नाही! कचेरीत वारसांच्या फायली हाताळणाऱ्या माझ्यासारख्याला ही गंमत वाटते. असो.

खरा प्रश्न आहे तो हा वारसा कोणाचा, याचा. चालुक्य आमचे की तुमचे, यावर मराठी आणि कन्नड अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. जलसंगीची बाई संस्कृत लिहिते, म्हणजे या भांडणात ती कोणाचीच साक्षीदार होत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद संस्थानचा जुना बिदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, आणि जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. भाषेच्या हिशेबाने ही वाटणी झाली खरी, पण भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत घरोघरी मराठी बोलणारे राहिलेच, आणि रेषेच्या अलीकडे कन्नड बोलणारेही. 1967 च्या जनमत कौलापासून भाषेचा प्रश्न आपणही घरात, कचेरीत आणि सभेत भोगला आहे. म्हणून मला वाटते, अशा गावाकडे गोवेकराने नकाशातली रेषा बाजूला ठेवून पाहावे.

कारण तिथली माणसे रेष ओढण्यापूर्वीही दोन भाषांत जगत होती. गुरुचरित्र आपण मराठीत वाचतो, त्यातले गाणगापूर कन्नड मुलखात, आणि ग्रंथ रचणारा सरस्वती गंगाधर मराठी आपली भाषा नव्हे हे स्वतःच कबूल करतो. 1817 साली बसवकल्याणजवळच्या लाडवंतीत जन्मलेल्या माणिकप्रभूंनी पदे रचली ती मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदुस्तानीतही. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात शरणांनी वचने सांगितली ती थेट लोकांच्या कन्नडमध्ये. विक्रमादित्य जाऊन तेव्हा अर्धे शतकही झाले नव्हते. सात द्वीपांच्या पृथ्वीची भाषा तोवर विरून गेली होती, आणि चालुक्यांच्या सिंहासनावर कलचुरी बिज्जळ बसला होता.

हैदराबाद-कर्नाटक हे या भागाचे सरकारी नाव 2019 साली बदलून कल्याण कर्नाटक झाले. त्यापूर्वी, 2014 ला गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले होते. नावे अशी कागदोपत्री फिरतात. मूर्तीखाली शिल्पी सही करी, अशी उदाहरणे होयसळांच्या देवळांत पुष्कळ सापडतात. जलसंगीच्या त्या मदनिकेच्या अक्षरांत मात्र नाव आहे ते फक्त राजाचे. लिहून देणाऱ्याचे नाव कागदावर नसणे आम्हा कारकुनांना नवे नाही.

जायचेच असेल तर मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सुमारास जावे. लातूर-धाराशिवकडे तिला वेळ अमावास्या म्हणतात, कर्नाटकात एळ्ळ अमावास्या. मराठी नाव कन्नडवरूनच आले असे मानतात. त्या दिवशी सीमेच्या दोन्ही बाजूंची कुटुंबे शेतावर जातात, पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणून पूजतात, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे अशा जेवणाला ओळखीच्या-अनोळखी साऱ्यांना बोलावतात. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हे. निरनिराळ्या भाज्या आणि ओले दाणे बेसनाच्या पिठात शिजवून केलेली ती दाट भाजी असते. बोलावले तर नाही म्हणू नये, आणि आंबील थोडी जपून प्यावी, झोप येते.