झाशीच्या वाड्यातील दिनचर्या : ‘माझा प्रवास’मधील लक्ष्मीबाई

इतिहासात अमर झालेल्या व्यक्तींच्या वाट्याला बहुधा एकच मुद्रा येते. झाशीच्या राणीचे नाव उच्चारताच घोडा, पाठीशी बांधलेला मुलगा आणि उपसलेली तलवार असे चित्र मनासमोर उभे राहते. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे १८९४ मधील मराठी चरित्र, सुभद्राकुमारी चौहान यांची हिंदी कविता, वृंदावनलाल वर्मा यांची १९४६ मधील कादंबरी आणि गावोगावचे पुतळे यांनी ही प्रतिमा दृढ केली. ती खोटी नाही. परंतु तिच्यात सामान्य दिवसाला जागा नाही. वयाच्या विशीत वैधव्य आलेली ही स्त्री सकाळी उठून काय करीत असे, कोणते वस्त्र नेसत असे, अंगावर काय ठेवीत आणि काय वर्ज्य करीत असे, हे प्रश्न वीरचरित्राला गौण वाटतात. मराठी वाङ्मयाचे भाग्य असे, की त्यांची उत्तरे देणारा एक ग्रंथ या भाषेत आहे. तो म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’.

गोडसे हे कोकणातील पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरचे दारिद्र्य आणि कर्ज फेडण्यासाठी, बायजाबाई शिंदे यांनी योजिलेल्या सर्वतोमुख यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, १८५७ मध्ये ते आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले आणि नकळत बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यापूर्वीचा काही काळ आणि प्रत्यक्ष वेढा त्यांनी शहरातच काढला. गावी परतल्यावर कित्येक वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी ही हकीकत लिहिली. गोडसे यांच्या निधनानंतर १९०७ मध्ये वैद्यांनी ती प्रसिद्ध केली, पण भाषा बदलून आणि काटछाट करून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती वाचकांच्या हाती येण्यास १९६६ साल उजाडले. स्मरणाने, विलंबाने आणि संपादकीय कात्रीतून आलेला हा मजकूर आहे, हे अभ्यासकाने प्रथमच लक्षात घेतले पाहिजे.

तथापि या मजकुराचे मोल गोडसे यांच्या दृष्टीत आहे. ही दृष्टी सरदाराची नव्हे, मुत्सद्द्याचीही नव्हे; ती भिक्षुकाची आहे. दक्षिणा किती, पंगतीला काय, स्नानाला पाणी किती, पूजेची उपकरणे कोणत्या धातूची, याची नोंद घेण्याची सवय या वर्गाच्या हाडीमाशी खिळलेली असते. राजकारणाच्या बाबतीत गोडसे ऐकीव गोष्टींवर विसंबतात. वस्त्र, पात्र आणि वेळ यांच्या बाबतीत मात्र ते सहसा चुकत नाहीत. त्यामुळे राणीच्या दिनक्रमाचे त्यांनी केलेले वर्णन हा ग्रंथातील अत्यंत भरवशाचा भाग मानता येतो.

या वर्णनानुसार बाईंचा दिवस पहाटे सुरू होई तो व्यायामाने. प्रथम मल्लखांब, नंतर घोड्याची रपेट, कधी हत्तीवर बसणे, आणि त्यानंतर खुराक. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सापडतो. परंतु या विद्येचे पुनरुज्जीवन पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी केले, असे परंपरा मानते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, जाऊन राहिला. त्याच्यामागोमाग पुण्याचे आचारविचार, पक्वान्ने आणि तालमीही गंगाकाठी गेल्या. मोरोपंत तांबे यांची मुलगी मनू या वातावरणात वाढली. राज्य गेलेल्या दरबारात शरीर कमावण्याची परंपरा तेवढी शिल्लक राहिली होती. तिचा वारसा एका मुलीला मिळाला आणि १८४२ मधील विवाहानंतर तो झाशीला पोहोचला. व्यायाम हा तिचा छंद होता हे खरे, पण त्या छंदाला पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत जाणारा इतिहास आहे.

अश्वपरीक्षेतील तिचा अधिकारही याच शिक्षणाचे फळ. विकावयास आणलेल्या दोन देखण्या घोड्यांवर स्वतः बसून, एकाची किंमत भरपूर आणि दुसऱ्याची अगदी नगण्य तिने कशी ठरविली, ही हकीकत गोडसे कौतुकाने सांगतात. दुसऱ्या घोड्याच्या छातीत दोष होता. तो डोळ्यांना दिसणारा नव्हता, बैठकीला जाणवणारा होता.

व्यायामानंतर स्नान. त्याला पंधरा-वीस हंडे ऊन पाणी आणि सुवासिक द्रव्ये लागत. बाईंना स्नानाची मोठी हौस होती, असे गोडसे नमूद करतात; त्यात निंदा नाही, किंचित नवल मात्र आहे. स्नानानंतर पांढरे स्वच्छ चंदेरी लुगडे नेसून त्या आसनावर बसत, भस्म लावीत, केशवपन न केल्याबद्दलचे प्रायश्चित्त करीत, तुळशीची आणि पार्थिवलिंगाची पूजा करीत. सरदारांचा मुजरा होई. दीडशेच्या आसपास मानकऱ्यांत एखादा आला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याची विचारपूस होई.

या दोन-तीन तपशिलांपाशी थांबले पाहिजे. तत्कालीन महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांत विधवेचे वपन करीत, तिला तांबडे आलवण नेसवीत आणि चोळी वर्ज्य मानीत. लक्ष्मीबाईंनी केस ठेवले. अंगात पांढरी चोळी घातली. लुगडे पांढरे, पण चंदेरीच्या तलम विणीचे होते. नथ आणि कुंकू गेले. परंतु हातांत सोन्याच्या बांगड्या, गळ्यात मोत्यांची माळ आणि करंगळीत हिऱ्याची अंगठी राहिली. केसांचा बुचडा बांधलेला असे. म्हणजे सौभाग्यचिन्हे त्यांनी शास्त्राला देऊन टाकली, आणि राजचिन्हे स्वतःकडे ठेवली. या दोहोंमधील रेषा त्यांनी रोज सकाळी आखली आणि तिची किंमत प्रायश्चित्ताच्या रूपाने रोज चुकती केली. शास्त्र मोडल्याचा डांगोरा नाही, आणि शास्त्रापुढे मान तुकवून मस्तकही दिलेले नाही. विधवाविवाहाचा कायदा झाला तो १८५६ मध्ये. केशवपनाविरुद्ध महाराष्ट्रात उघड चळवळ उभी राहण्यास त्यानंतर काही दशके लोटावी लागली. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, म्हणजे झाशीच्या वाड्यातील त्या पांढऱ्या चोळीचे वजन कळते.

पांढऱ्या वस्त्राला आणखी एक साक्षीदार आहे. संस्थान खालसा झाल्यानंतर १८५४ मध्ये राणीने जॉन लँग या वकिलास सल्ल्यासाठी बोलावले. पडदा क्षणभर बाजूला झाला, तेव्हा दिसलेले तिचे रूप त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले. अंगावर साधी, अत्यंत तलम पांढरी मलमल आणि कानांतील सोन्याखेरीज दागिना नाही, अशी त्याची नोंद आहे. गोडसे यांच्या यादीशी ती दागिन्यांबाबत तंतोतंत जुळत नाही. दोन भेटींमध्ये जवळजवळ चार वर्षांचे अंतर आहे. परंतु शुभ्र, तलम आणि नेटके वस्त्र याविषयी दोघांचे एकमत होते. लँगची नजर बांधा, रंग आणि आवाज यांचे गुणदोष ठरविण्यात गुंतते. गोडसे यांची नजर वस्त्राचे नाव सांगते आणि कोणत्या प्रसंगी ते नेसले हे सांगते. एका परदेशी पुरुषाने पाहिलेली ‘स्त्री’ आणि एका मराठी भिक्षुकाने पाहिलेली ‘बाईसाहेब’ यांतील हा फरक वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने पडताळून पाहण्याजोगा आहे.

तिसऱ्या प्रहरी बाई कचेरीत येत, त्या वेळी वेष बहुधा पुरुषी असे : पायजमा, गडद निळा अंगरखा, डोक्याला टोपी व तिच्यावर पागोटे, कमरेला जरीचा दुपट्टा आणि त्यात तलवार. कधी त्या लुगडे नेसूनही कचेरीस बसत. हुकूम तोंडी सांगत, कधी स्वतः लिहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी महालक्ष्मीच्या दर्शनास जाताना कधी पालखी, कधी घोडा. पालखी असेल तेव्हा वेष स्त्रीचा. या बदलात लहर नव्हती. देवघर, कचेरी आणि देवीची स्वारी या प्रत्येक स्थळी तिचे नाते वेगळे होते, आणि वस्त्र त्या नात्याला अनुसरून ठरत होते. गादीवर बसण्याचा अधिकार ज्या पुरुषांना असतो त्यांची खूण पागोटे ही होती. ती तिने डोक्यावर घेतली.

याच ग्रंथात गोडसे यांनी गंगाधररावांविषयीची एक विलक्षण आख्यायिका दिली आहे. नाट्याचे शौकीन असलेले हे राजे अधूनमधून स्त्रीवेष करीत, बांगड्या भरीत. इंग्रज अधिकाऱ्याने कारण विचारता, तुम्हीच सर्व राजांना बांगड्या भरल्या आहेत अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, अशी ही कथा. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले, म्हणजे गोडसे झाशीत येण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा ही कथा ऐकीव आहे आणि तशीच ती वाचली पाहिजे. परंतु शहरात ती सांगितली जात होती, ही गोष्टच बोलकी आहे. राज्य नावापुरते उरले होते तेव्हा राजाने स्त्रीचे वस्त्र घेतले, आणि राज्य हातचे गेल्यावर राणीने पुरुषाचे. सत्ता कोणाकडे आहे हे झाशीचे लोक पोषाखाच्या भाषेत बोलत होते.

या दिनचर्येचा काळही नीट ठरविला पाहिजे. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर राणीला दरमहा ५,००० रुपयांचा तनखा ठरला. किल्ला इंग्रजांकडे गेला आणि ती शहरातील वाड्यात राहू लागली. तो वाडा आज राणी महाल या नावाने जतन केलेला आहे. जून १८५७ मध्ये झाशीच्या फौजेने उठाव केला, आणि त्यानंतर मार्च १८५८ पर्यंत शहराचा कारभार राणीच्या हाती राहिला. गोडसे यांनी पाहिलेली कचेरी या अल्पकाळातील आहे. त्याआधीच्या तीन वर्षांत मुलूख, किल्ला आणि खजिना यांपैकी काहीच तिचे नव्हते. तिच्या हुकमतीत राहिले होते ते स्वतःचे शरीर आणि स्वतःचा दिवस. पहाटेची कसरत, नेमाचे स्नान, ठरलेली वस्त्रे यांची जी शिस्त पुढे रणांगणावर दिसली, ती या रिकाम्या वर्षांत टिकवून धरलेली होती, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

वस्त्राची ही जाण केवळ स्वतःपुरती नव्हती. एकदा देवदर्शनाहून परतताना भिकाऱ्यांनी वाट अडविली. थंडीने ते काकडत आहेत असे कळताच, प्रत्येकाला टोपी, बंडी आणि पांघरूण देण्याचा हुकूम झाला, आणि गावचे शिंपी कामाला लागले, असे गोडसे सांगतात.

मार्च १८५८ मध्ये हे सारे संपले. इंग्रजांनी १७ मार्चला चंदेरी घेतली. ज्या गावच्या मागावर राणीचे लुगडे विणले जाई, ते गाव झाशीच्या आधी पडले. एप्रिलच्या आरंभी शहर पडले आणि ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्याबाहेर निघाली. पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी गोडसे यांची आणि तिची अकस्मात गाठ पडली. अंगावर पठाणी पोषाख, सर्वांग धुळीने माखलेले, चेहरा म्लान आणि तहानेने जीव व्याकूळ. ते पाणी काढून देऊ लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून सेवा घेण्यास तिने नकार दिला, स्वतः पाणी शेंदले आणि ओंजळीने प्याली. आपण अर्ध्या शेर तांदळाची धनीण, विधवेला याहून अधिक काय लागते, अशा अर्थाचे उद्गार तिने त्या वेळी काढल्याचे गोडसे लिहितात. वीस हंडे पाण्याने न्हाणारी राणी आणि ओंजळभर पाणी पिणारी ही घोडेस्वार, या दोघींना एकाच डोळ्यांनी पाहिलेला दुसरा लेखक आपल्याला ज्ञात नाही.

जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ ती पडली. तिच्या अंगावर तांबडा अंगरखा, तांबडी तुमान आणि डोक्याला पांढरे पागोटे होते, असे तत्कालीन इंग्रजी नोंदींत आढळते. तिचे खात्रीशीर छायाचित्र उपलब्ध नाही. त्यामुळे चित्रकारांनी तिला आपापल्या काळाचे शालू आणि दागिने चढविले, नथही घातली. गोडसे यांच्या पानांवर मात्र पांढरे चंदेरी लुगडे, पांढरी चोळी, बांधलेला बुचडा आणि करंगळीतील अंगठी एवढेच आहे. राणीच्या शौर्याविषयी शंका कोणी घेतलेली नाही, आणि त्यासाठी ‘माझा प्रवास’ची गरजही नाही. परंतु त्या काळातील एका तरुण विधवेने समाजाने नेमून दिलेल्या वेषातला कोणता भाग पत्करला, कोणता नाकारला आणि नकाराची भरपाई कशी केली, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर वरसईच्या या भिक्षुकाने मोजलेले हंडे आणि नोंदलेली वस्त्रे यांकडे जावे लागते. पोतदारांची आवृत्ती आणि वैद्यांची आवृत्ती शेजारी ठेवून ही पाने वाचण्याचे काम विद्यार्थ्यांनी अवश्य करावे; वीरांगनेच्या आधीची स्त्री तेथे भेटते.