अंबाड्याच्या राणीची पेनी



आपल्या आजीच्या पेटीत एखादा राणीछाप रुपया असतो. मग कुणीतरी सांगतं, "जुनं नाणं आहे, लाखाला जाईल." हे कितपत खरं? आज आम्ही त्याच व्हिक्टोरिया राणीच्या देशातल्या एका साध्या नाण्याची, पेनीची गोष्ट सांगणार आहोत.

तेव्हा ब्रिटनमध्ये २४० पेनींचा एक पौंड होई. तांब्याची पेनी जड होती. १८६० साली ब्राँझची हलकी पेनी आली. तिच्यात शंभर भागांत ९५ भाग तांबं, ४ भाग कथील आणि १ भाग जस्त. तिच्यावर राणीचा अंबाडा घातलेला चेहरा, म्हणून नाणी जमवणारे तिला 'बन पेनी' म्हणतात.

अशा पेनी लाखोंनी पाडल्या. त्यामुळे नुसती जुनी म्हणून तिला मोल नाही. मोल आहे ते बारीक फरकाला.

१८८२ साली लंडनच्या टांकसाळीत यंत्रं बदलण्याचं काम चालू होतं. म्हणून पेनी बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडल्या आणि सालाखाली इंग्रजी 'एच' अक्षर उमटवलं. हे अक्षर असलेली पेनी सहज मिळते. नसलेली फार दुर्मिळ, म्हणून तिची किंमत कितीतरी पट. पण वापरून अक्षर झिजलेली नाणीही असतात. म्हणून जाणकार भिंगाखाली बघितल्याशिवाय हो म्हणत नाहीत.

१९०२ च्या पेनीवर ब्रिटानिया देवी बसली आहे, मागे समुद्र. काही नाण्यांवर समुद्राची रेघ जरा खाली आहे. तिला 'ओहोटीची पेनी' म्हणतात. तिला भाव जास्त.

मैत्रिणींनो, यातून आपण काय घ्यायचं? नाण्याची किंमत वयावर नाही. तसं नाणं किती उरलं आहे, त्यावरची खूण कोणती आणि ते किती झिजलं आहे, यावर ती ठरते. म्हणून जुनं नाणं चिंच लावून घासू नका. चकाकी येते, किंमत जाते.

आणि फोनवर कुणी म्हणालं, "नाण्याचे लाख देतो, आधी फी भरा," तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगितलं तरी भुलू नका. असं कमिशन आम्ही मागत नाही, असं बँकेनंच २०२१ साली जाहीर केलं आहे. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. एवढं गटातल्या प्रत्येकीला सांगा.