पृथ्वीचा ताप कोणी मोजला?

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे नाशिककडच्या द्राक्षांच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलांना फुलदाणी आणि निसर्गचित्र काढायला शिकवतो आहे. रात्री कादंबऱ्या लिहितो. त्यांतल्या एखाददुसरी आपल्याही हाती पडली असेल. विज्ञान शिकवणे हे काही माझे काम नव्हे. पण गेल्या वर्षी ते माझ्या अंगावर आले आणि त्याला कारण झाली एक मुलगी.

पर्यावरणदिनाची चित्रस्पर्धा आमच्या शाळेत जून सरतासरता होते, कारण खऱ्या दिवशी, 5 जूनला, शाळेला कुलूप असते. चित्रे दरवर्षी तीच. पृथ्वीचा गोळा रडतो आहे, त्याच्या तोंडात थर्मामीटर आहे, कपाळावर ओली पट्टी आहे. गेल्या वर्षीही मी असल्याच एका चित्राला पहिला नंबर दिला आणि नववीच्या वर्गात ते सर्वांना दाखवले. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पृथ्वीला ताप आलाय हे कळलं कुणाला? थर्मामीटर लावला कुणी?"

वर्ग हसला. मीही हसलो असतो, पण मला उत्तर येत नव्हते. "उद्या सांगतो," म्हणालो. मास्तरांच्या पोतडीतले हे फार जुने वाक्य आहे! योगायोग असा की, विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि त्यांचे रिकामे तास माझ्याकडे येऊ लागले होते. तेव्हा 'उद्या' टाळता येण्याजोगा नव्हता.

तसा हा विषय मुलांना नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला, 2003 साली पुन्हा बजावले आणि तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून आहे. पण 'हरितगृह वायूंची नावे लिहा, गुण दोन' एवढ्यावर मुलांची सुटका होते. नावे पाठ होतात. ती कळली कशी, हे कोणी विचारत नाही. मी वाचनालयातून पुस्तके आणली, शहरातल्या एका प्राध्यापक मित्राला पिडले आणि जे हाती लागले ते रिकाम्या तासांना गोष्टीसारखे सांगत गेलो.

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये. जोसेफ फूरिये हा एका शिंप्याचा मुलगा. लहानपणीच आईबाप गेले. पुढे मोठा गणिती झाला, नेपोलियनबरोबर इजिप्तपर्यंत जाऊन आला. 1824 साली त्याने एक साधा प्रश्न मांडला : सूर्य पृथ्वीला सारखा तापवतो आहे आणि पृथ्वी ती उष्णता आकाशात सोडते आहे, तर मग ती आहे एवढी उबदार कशी राहते? त्याने ताडले की, हवा सूर्याचा प्रकाश सहज आत येऊ देते, पण जमिनीची ऊब बाहेर जाताना तिला अडवते.

हे मी गोधडीच्या दाखल्याने समजावले. गोधडी स्वतः तापत नाही. आपल्याच अंगाची ऊब ती जाऊ देत नाही. हवेतल्या वायूंची ही गोधडी नसती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली 18 अंश सेल्सियस असते. ती आहे म्हणून आपण 15 अंशांच्या आसपास सुखाने नांदतो. म्हणजे गोधडी वाईट नव्हे. भर उन्हाळ्यात कोणी दुसरी, तिसरी गोधडी अंगावर घालू लागला, तर मात्र जीव घाबरा होणारच!

पण फूरियेचा हा तर्क झाला. हवेतला कोणता वायू हे काम करतो, ते करून पाहिले एका बाईने. युनिस फूट ही अमेरिकन बाई कोणत्याही विद्यापीठात नोकरीला नव्हती. तिने काचेची नळकांडी घेतली, त्यांत थर्मामीटर बसवले, निरनिराळे वायू भरले आणि ती उन्हात ठेवली. साध्या हवेच्या नळकांड्यात पारा 106 अंश फॅरनहाइटपर्यंत चढला, तर कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यात 125 अंशांपर्यंत. आणि सावलीत नेल्यावर तेच नळकांडे निवायलाही फार वेळ लागला. पृथ्वीच्या हवेत हा वायू अधिक असता तर पृथ्वी अधिक तापली असती, असे तिने लिहून ठेवले. हे वर्ष 1856. आपल्याकडे सत्तावनचा उठाव व्हायला अजून एक वर्ष होते.

विद्वानांच्या सभेत तिचा निबंध वाचून दाखवला तो जोसेफ हेन्री या गृहस्थांनी. नंतर तो निबंध जो विस्मरणात गेला, तो दीडशे वर्षे. 2011 साली एका निवृत्त भूशास्त्रज्ञाच्या नजरेला तो पडला, तेव्हा कुठे तिचे नाव पुन्हा जगापुढे आले. हे ऐकून वर्गातल्या मुली एकमेकींकडे ज्या नजरेने पाहू लागल्या, ती नजर मला एखाद्या कादंबरीत पकडता आली तर मी धन्य होईन.

पाठोपाठ आला जॉन टिंडल. हा आयरिश. आधी जमीनमोजणीचे काम केले, मग शाळेत गणित शिकवले, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. 1859 साली लंडनमध्ये त्याने एका लांब नळीतून उष्णता सोडून प्रत्येक वायू ती किती शोषतो, हे बारकाईने मोजले. ऑक्सिजन आणि नायट्रोजन, ज्यांनी हवा जवळजवळ सगळी भरलेली आहे, ते उष्णतेला अडवतच नाहीत. अडवतात ती पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. फूटबाईंच्या प्रयोगात उन्हाची उष्णता आणि जमिनीतून निघणारी उष्णता यांचा निवाडा झाला नव्हता. तो टिंडलने केला.

हे मुलांना चटकन पटले, कारण आमच्याकडे निफाडच्या बाजूला थंडीत बागाईतदार पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की रात्र कडक थंड होते. ढग असले की ऊब राहते. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, आमच्या आजोबांना टिंडल ठाऊक होता!" मी म्हटले, "टिंडल ठाऊक नव्हता रे, पण टिंडलला जे ठाऊक होते ते आजोबांना ठाऊक होते."

1896 साली स्वीडनच्या स्वान्ते आर्हेनियसने कागद-पेन्सिल घेऊन महिनोन्महिने हिशेब केला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी 5 ते 6 अंशांनी तापेल, हे त्याचे उत्तर. आजचे शास्त्रज्ञ याहून थोडे कमी सांगतात, पण एकट्या माणसाच्या हातच्या हिशेबाला ते चूक म्हणवत नाही. मौज अशी की, तो यामुळे हरखला होता. कोळसा जळून हवा बदलायला फार फार काळ लागेल आणि थंड देशांतल्या लेकरांना जरा बरे दिवस येतील, असे त्याला वाटले. बर्फात राहणाऱ्याला उन्हाची धास्ती कोठून असणार?

1938 साली गाय कॅलेंडर या इंग्रज माणसाने हा दोर पुन्हा उचलला. हाही हवामानखात्यातला नव्हे. वाफेच्या यंत्रांचा इंजिनियर. फावल्या वेळात त्याने जगातल्या 147 ठिकाणांच्या तापमानाच्या जुन्या नोंदी गोळा केल्या आणि दाखवले की, पृथ्वी तापू लागलीच आहे. मान्यवर मंडळींनी माना हलवल्या आणि ती घरी गेली.

आता राहिला थर्मामीटर लावणारा खरा माणूस. चार्ल्स कीलिंगने 1958 च्या मार्चमध्ये हवाई बेटावरच्या माउना लोआ या डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. पहिला आकडा होता दहा लाख भागांत 313. मी फळ्यावर रंगीत खडूने त्याची रेघ काढली. हे माझे स्वतःचे काम होते आणि हात थरथरला नाही. रेघ करवतीच्या दात्यांसारखी जाते. उत्तर गोलार्धातली झाडे पालवली की वायू हवेतून ओढून घेतात आणि रेघ उतरते. पाने गळून कुजली की पुन्हा चढते. जणू पृथ्वीच श्वास घेते आहे. पण प्रत्येक वर्षीचा दाता गेल्या वर्षीच्या दात्याहून वर. 2024 साली आकडा 420 च्याही पुढे गेला होता. फळा संपला, तेव्हा मी रेघ भिंतीवर नेली. हेडमास्तर खिडकीतून पाहत होते. काही बोलले नाहीत.

1964 साली कीलिंगचे पैसे तुटले आणि काही आठवडे ती नोंद थांबली. रेघेत ती फट अजून दिसते. तरी त्याने हट्ट सोडला नाही. 2005 साली मरेपर्यंत तो मोजत राहिला आणि पुढे ते काम त्याच्या मुलाने चालवले. त्याला या कामावर आणणाऱ्यांपैकी रॉजर रेव्हेल हे पुढे हार्वर्डला शिकवू लागले आणि ही रेघ त्यांनी आपल्या वर्गाला दाखवली. त्या वर्गात अल गोर नावाचा विद्यार्थी बसला होता. तो पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला आणि 2007 चे शांततेचे नोबेल त्याला आणि राष्ट्रसंघाच्या हवामान-मंडळाला मिळून मिळाले, ते याच कामासाठी. वर्गातली रेघ कोठवर जाईल, ते कोणत्या मास्तराला सांगता येते?

मुलांनी साहजिकच विचारले, "आपल्याकडे कोणी मोजत नव्हतं का?" होते तर! मुंबईची कुलाबा वेधशाळा 1826 सालची. 1876 ते 1878 चा दुष्काळ पडला त्याच्या तोंडावर, 1875 साली, हिंदुस्थानचे हवामानखाते निघाले. हिमालयात बर्फ जास्त पडले की पुढचा पाऊस ओढ देतो, असे त्या खात्याच्या पहिल्या प्रमुखाने, हेन्री ब्लॅनफर्डने, 1884 साली मांडले. आणि आपल्या पुण्यात अण्णा मणी या त्रावणकोरच्या बाईंनी 1948 पासून हवामानाची उपकरणे देशातच घडवायला घेतली. सुमारे शंभर उपकरणांचे नकाशे त्यांच्या देखरेखीखाली प्रमाणित झाले. उपकरण चुकीचे असण्यापेक्षा ते नसलेले बरे, अशी त्यांची करडी शिस्त होती.

इथवर सगळे गोड चालले होते. पण एका तासाला त्याच मुलीने दुसरा प्रश्न टाकला. "सर, 1896 मध्येच कळलं होतं, तर मग मोठी माणसं गप्प का बसली?"

तिच्या घरची बाग आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने ती झोपवली होती. तेव्हा ती पोर अजून शाळेतही जात नव्हती, पण घरातले बोलणे ऐकत वाढली. मी तिला आधी हे सांगितले की, एका गारपिटीवरून हवामानाचा दोष काढता येत नाही. आजची हवा म्हणजे माणसाचा आजचा राग. हवामान म्हणजे त्याचा स्वभाव. स्वभाव कळायला वर्षानुवर्षे सोबत राहावे लागते. मग म्हटले, पहिली पन्नास-साठ वर्षे माणसे गप्प बसली ती अज्ञानाने. त्यांना हे संकट वाटलेच नाही. पण 1988 साली राष्ट्रसंघाने शास्त्रज्ञांचे मंडळ नेमले, 1992 ला रिओला, 1997 ला क्योटोला, 2015 ला पॅरिसला सारे देश जमले. त्यानंतरच्या ढिलाईला अज्ञान म्हणता येत नाही. तिला लोभ म्हणावे लागेल, सवय म्हणावी लागेल आणि 'आधी शेजाऱ्याने करावे' ही वृत्ती म्हणावी लागेल. पॅरिसला दीड अंशाची मर्यादा तोंडाने घेतली. 2024 हे एकटे वर्ष ती ओलांडून गेले. तुझ्या-माझ्यासारख्या भारतीय माणसामागे होणारा धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, हेही खरे. आणि आपल्याच शिवाराला चटका लवकर बसतो, हेही खरे.

तेवढ्यात एक मुलगा पुटपुटला, "मग शिकून तरी काय करायचं?"

हसत-खेळत रेघा ओढणाऱ्या मला त्या क्षणी घाम फुटला. चौदा वर्षांच्या पोराला हे वाक्य सुचावे, यासाठी मी हे तास घेतले होते काय? रडणाऱ्या पृथ्वीच्या चित्रांपेक्षा माझी रेघ अधिक भेदरवणारी ठरली होती. त्या रात्री कादंबरीचे पान पुढे सरकले नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, दीड अंश हा काही कडेलोट नव्हे, की त्यापुढे सगळे संपले. दोन अंशांपेक्षा पावणेदोन बरे, पावणेदोनपेक्षा दीड बरे. वाचवलेला प्रत्येक दशांश कोणाची तरी बाग वाचवतो. दुसरी, माणसे शहाणपणा करतच नाहीत असे नाही. ओझोनच्या थराला भोक पडत होते, तेव्हा 1987 साली माँट्रियलला करार झाला, देशांनी तो पाळला आणि तो थर आता भरून येतो आहे. मग त्या मुलाला म्हटले, "शिंप्याचा पोर, घरात प्रयोग करणारी बाई, शाळामास्तर, वाफेच्या यंत्राचा इंजिनियर, यांच्यापैकी कोणालाही कोणी बोलावले नव्हते. त्यांनी पाहिले, मोजले, लिहिले. आज जग निदान डोळे उघडे ठेवून भांडते आहे, ते त्यांच्या वह्यांमुळे."

तो समजला की नाही, ठाऊक नाही. पण आठ दिवसांनी त्याने विचारले, "सर, आपण मोजायचं का?"

शाळेच्या गच्चीवर आता एक पर्जन्यमापक आणि लाकडी पेटीत दोन थर्मामीटर आहेत. तहसील कचेरीत पाऊस मोजतात, मग आपण कशाला, असे एका सहकाऱ्याने विचारले. तेव्हा मुलांनीच त्याला 26 जुलै 2005 चे मुंबईचे आकडे ऐकवले. त्या एका दिवसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम 73. एका ठिकाणी ठेवलेल्या भांड्याने गावाचा पाऊस कळत नाही!

नोंदवही त्या मुलीकडे आहे. गेल्या दिवाळीत सुट्टी लागली आणि मी धरून चाललो की, ते रकाने आता रिकामे राहणार. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान उरकून मी सहज शाळेवरून गेलो, तर गच्चीवर बॅटरीचा उजेड. थोरल्या भावाला सोबतीला घेऊन ती आली होती. केसांना अजून उटण्याचा वास आणि हातात पेन्सिल.

"सर, कीलिंगसारखी फट पडायला नको," ती म्हणाली आणि वाकून पारा वाचू लागली.

यंदा चित्रस्पर्धेला मी विषय दिला, 'मोजणारी माणसे'. पहिला नंबर कोणाला द्यावा, याची पंचाईत झाली.