वाहनाच्या नुकसानीबाबत मालमत्ताधारकाचे दायित्व

वाहनाच्या नुकसानीबाबत मालमत्ताधारकाचे दायित्व म्हणजे एखाद्या इमारतीचा, भिंतीचा, फलकाचा किंवा झाडाचा भाग पडून दुसऱ्याच्या वाहनाची हानी झाल्यास ती भरून देण्याची मालकावर किंवा ताबेदारावर येणारी दिवाणी जबाबदारी होय. भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. अपकृत्य कायद्यातील निष्काळजीपणा व उपद्रव या तत्त्वांवर, म्हणजे मुख्यतः न्यायनिर्णयांवर, ही जबाबदारी आधारलेली आहे.

स्वरूप

सोलापुरातील शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत हा प्रश्न सहज उद्भवू शकतो. अरुंद बोळ, रस्त्याला लागूनच उभे असलेले जुने वाडे आणि जागेअभावी भिंतीलगत लावलेल्या दुचाक्या अशा ठिकाणी पावसाळ्यात मातीची भिंत खचली, तर खालच्या वाहनाची भरपाई कोणी द्यायची, असा वाद निर्माण होतो. भिंत पडली एवढ्याने मालक आपोआप दोषी ठरत नाही. धोका त्याला माहीत होता किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळला असता, हे सिद्ध व्हावे लागते. मात्र नीट राखलेली वास्तू सहसा आपोआप कोसळत नाही. त्यामुळे ‘घटनाच बोलते’ या तत्त्वाचा आधार घेऊन न्यायालय खुलाशाचा भार मालकावर टाकू शकते.

दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती (१९६६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावले. चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली होती. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता आणि त्यात वापरलेल्या चुन्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचेच असल्याची साक्ष झाली. रस्त्यालगतच्या वास्तूतील दोष बाहेरून दिसत नव्हता, एवढ्यावर मालक सुटत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा निर्णय जीवितहानीचा असला तरी त्यातील तत्त्व वाहनाच्या हानीलाही लागू पडते.

झाडांबाबत स्थिती वेगळी आहे. राजकोट महानगरपालिका विरुद्ध मंजुळबेन नकुम (१९९७) या प्रकरणात रस्त्याकडेचे झाड पडून पादचाऱ्याचा मृत्यू झाला होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले नाही. त्यामुळे झाड वाळले आहे किंवा पोखरले आहे अशी लेखी तक्रार आधी केलेली असणे दावेदाराच्या दृष्टीने फार मोलाचे ठरते.

मालक, भाडेकरू आणि महापालिका

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य घरमालकाचे आहे. जुन्या वाड्यांत मालक परगावी आणि भाडेकरू आत अशी स्थिती असल्यास दोघांनाही प्रतिवादी करणे सोयीचे असते. धोकादायक वास्तूबाबत महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस काढू शकते. अशी नोटीस मिळूनही दुरुस्ती न करणाऱ्या मालकाला अज्ञानाचा बचाव घेणे कठीण जाते. पडलेली वास्तू किंवा झाड महापालिकेचेच असेल आणि तिने अधिनियमाखाली केलेल्या कृतीबाबत दावा असेल, तर कलम ४८७ प्रमाणे एक महिन्याची आगाऊ नोटीस व सहा महिन्यांची मुदत लक्षात घ्यावी लागते. ही अट अनेकदा दुर्लक्षित राहते.

वाहनतळ

सशुल्क वाहनतळ किंवा हॉटेलने वाहन ताब्यात घेतले असल्यास निक्षेपाचे नियम लागू होतात. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स (२०१९) या निर्णयात दिल्लीतील हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेलेल्या मारुती झेनबाबत हॉटेल जबाबदार ठरले. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावीत’ ही पाटी निष्काळजीपणाचा दोष झाकू शकली नाही. अशा प्रकरणी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडेही जाता येते.

दावा

छोट्या रकमांसाठी लघुवाद न्यायालयांची संकल्पना ब्रिटिश काळातील आहे: मुंबईसाठी १८८२ चा आणि इतर भागांसाठी १८८७ चा कायदा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर येथील लघुवाद न्यायालये मुख्यतः घरमालक-भाडेकरू वादांसाठी ओळखली जातात. सोलापूरसारख्या ठिकाणी कमी मूल्याचा नुकसानभरपाईचा दावा सर्वसाधारणपणे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे दाखल होतो. घटना जेथे घडली किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे तो करता येतो. जंगम वस्तूच्या हानीसाठी मुदत कायदा, १९६३ नुसार तीन वर्षांची मुदत असते. वाहन उभे असताना त्यावर भिंत पडल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहसा जाता येत नाही, कारण तेथे वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातांचे दावे चालतात.

पुराव्यात छायाचित्रे, पंचनामा, गॅरेजचे अंदाजपत्रक, दुरुस्तीचे बिल आणि शेजाऱ्यांची साक्ष यांना महत्त्व असते. मोबाइलमधील छायाचित्रांसाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. वाहन बेकायदा जागी उभे असल्यास भरपाई कमी होऊ शकते. विमा कंपनीने स्वतःच्या नुकसानीच्या संरक्षणातून रक्कम दिली असेल, तर तेवढ्या मर्यादेत वसुलीचा हक्क कंपनीकडे जातो. केवळ तृतीय पक्ष विमा असलेल्या वाहनमालकाला मात्र स्वतःच दावा लढवावा लागतो. दुरुस्तीचा खर्च काही हजारांचा असेल तर वकिलाची फी आणि तारखा पाहता लोकअदालतीतील तडजोड अधिक व्यवहार्य ठरते. तेथील निवाडा हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो, त्याविरुद्ध अपील नसते, आणि प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते.