जिनसेंग : सावलीतली मुळी

ऑफिसच्या पँट्रीत ग्रीन टीशेजारी हल्ली जिनसेंग टीची पाकिटं दिसतात. चव मला तरी मातीसारखी लागते, पण त्या मुळीचा इतिहास एकदम भन्नाट आहे.

१७०९ साली झार्तू नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री चीनच्या सम्राटासाठी नकाशे काढत मांचुरियात फिरत होता. तिथे त्याने जिनसेंग पाहिलं. १७११ च्या पत्रात सविस्तर वर्णन लिहिलं आणि वर एक तर्क ठोकून दिला, की हे झाड दुसरीकडे कुठे असेलच तर कॅनडात, कारण जंगलं आणि डोंगर तसेच. डेटा शून्य, नुसतं पॅटर्न मॅचिंग! ते पत्र क्वेबेकमध्ये लाफितो नावाच्या दुसऱ्या पाद्र्याच्या वाचनात आलं आणि १७१६ मध्ये माँट्रियलजवळच्या मोहॉक वस्तीपाशी त्याला झाड चक्क सापडलं. अर्थात 'शोध' वगैरे युरोपियनांसाठी. तिथल्या लोकांना ते आधीपासून ठाऊक होतं.

मग काय, झुंबड उडाली. फ्रान्समार्गे माल कँटनला जाऊ लागला. १७५२ मध्ये निर्यात सुमारे पाच लाख लिव्रवर गेली. घाईघाईत लोकांनी मुळ्या अवेळी खणल्या, भट्टीत भराभर वाळवल्या आणि चिनी व्यापाऱ्यांनी तो माल नाकारला. १७५४ मध्ये आकडा होता ३३ हजार. क्रॅशच की!

तरी मोह सुटला नाही. अमेरिकेहून चीनला गेलेलं पहिलं व्यापारी जहाज, 'एम्प्रेस ऑफ चायना', १७८४ साली न्यूयॉर्कहून निघालं तेच जवळपास ३० टन जिनसेंग घेऊन.

खरी गोची आहे ती झाडाच्या स्वभावात. त्याला मेपलसारख्या झाडांखालची ७०-८० टक्के सावली लागते. बी रुजायलाच साधारण दीड वर्ष. हिवाळ्यात वरचं सगळं वाळतं, मूळ तेवढं जगतं, आणि दरवर्षी त्याच्या मानेवर एक वण उमटतो. ते वण मोजून वय कळतं. मूळ काढलं की झाड संपलं.

१८८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या जॉर्ज स्टँटनने लाकडी पट्ट्यांची सावली करून त्याची शेती जमवली. पण एकदा पीक निघालेल्या जमिनीत पुन्हा लावलं तर मुळं कुजतात, आणि रानटी मुळीला भाव कितीतरी जास्त, त्यामुळे जंगलातली चोरी काही थांबली नाही. १९७५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस कराराचं नियंत्रण आहे. जाणते खणणारे मूळ काढताना लाल फळं तिथेच मातीत दाबतात.