टोपीकर ते फेल्ट हॅट : शिरोवस्त्राचा एक मराठी प्रवास

मराठी राजनीतीच्या भाषेत युरोपीय व्यापाऱ्यांना सामूहिक नाव मिळाले ते त्यांच्या डोईवरून. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, साधारणतः १७१५-१६ च्या मानल्या जाणाऱ्या ‘आज्ञापत्रा’त पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच हे सारे ‘टोपीकर’ या एकाच वर्गात येतात आणि त्यांच्याविषयी सावधगिरी सुचवली जाते. पगडी, पागोटे, मुंडासे यांवरून जात, प्रांत व प्रतिष्ठा ओळखणाऱ्या समाजाने परक्यालाही डोक्यावरूनच ओळखावे, हे त्या संकेतव्यवस्थेशी सुसंगतच होते.

जबलपूरलगतचे गढा हे गोंड राज्याचे जुने ठाणे. गढा-मंडल्याचा मुलूख १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ च्या अखेरीस टोपीकरांकडे गेला. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विसाव्या शतकातील टोप्यांचे राजकारण या हिंदी-मराठी प्रांतात विशेष ठळकपणे दिसते. १९२३ चा झेंडा सत्याग्रह जबलपुरात सुरू होऊन नागपुरात फोफावला. १९३९ चे काँग्रेस अधिवेशन गढ्यापासून जवळच्या त्रिपुरीत भरले. तेथे खादीची पांढरी टोपी हा जणू गणवेशच होता. १९२५ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने १९३० पासून काळी टोपी स्वीकारली होती.

या दोन टोप्यांच्या बाहेर उभी राहते ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हॅट. तिला केवळ पाश्चात्त्य अनुकरण मानणे अपुरे ठरते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी अस्पृश्य स्त्रियांना जात दाखवणारी लुगड्याची धाटणी व दागिने टाकून देण्यास सांगितले होते. वस्त्र ही लादलेली ओळख आहे आणि ती नाकारता येते, हे सूत्र त्या उपदेशात होते. पगडी-पागोट्याच्या परंपरेत प्रत्येक बांधणीला आधीच एक सामाजिक जागा नेमलेली होती. हॅटला त्या उतरंडीत जागाच नव्हती. तिचे परकेपण हेच तिचे मोल ठरले.

वस्तू म्हणूनही हा भेद अर्थपूर्ण आहे. खादी कातली व विणली जाते. फेल्ट, म्हणजे जुन्या मराठीतील बुरणूस, सूत-मागाशिवाय होते. लोकर वा केस ओल, उष्णता व दाब यांनी एकमेकांत गुंतवून ते घट्ट करतात. गांधीवादी विचाराने चरख्याला नैतिक प्रतिष्ठा दिली. मात्र जाडेभरडे कापड विणणे हा विदर्भातील अनेक महार कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय होता. त्यांच्या दृष्टीने माग हे नव्याने सापडलेले प्रतीक नव्हते. हॅटच्या निवडीमागे हाच हेतू होता, असे म्हणता येणार नाही. पण एकाच काळातील दोन वस्त्रे दोन भिन्न इतिहास वाहतात, एवढे निश्चित.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. १ नोव्हेंबरच्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. पुढे नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात बाबासाहेबांची वस्त्रे व वापरातील वस्तू जतन करण्यात आल्या. छंद म्हणून केलेल्या संग्रहात वस्तूचे मोल दुर्मीळतेवर ठरते. येथे ते स्मृतीवर ठरते. मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे आणि ‘पगडी फिरवणे’ म्हणजे शब्द बदलणे. हॅटभोवती असा वाक्प्रचार रूढ झाला नाही. तिचा अर्थ भाषेपेक्षा पुतळ्यांत, छायाचित्रांत आणि घराघरांतील तसबिरींत शोधावा लागतो; तौलनिक अभ्यासाने ही साधनेही संहिता म्हणून वाचली पाहिजेत.